भरलेली फोर्कलिफ्ट, रिकामी फोर्कलिफ्ट: जिनिंगच्या यार्डात चालवायची कशी?

प्रेसहाऊस
राम राम मंडळी. वर्धा जिल्ह्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगच्या यार्डासाठी फोर्कलिफ्ट चालवण्याचे नियम लिहायचे आहेत. दोन्ही पाळ्यांच्या ऑपरेटरांना कारणासकट सांगता येतील, असे हवेत. जागा अशी: ३ टनी डिझेल गाडी, हवेचे टायर, कधी फोर्क तर कधी बेल क्लॅम्प (कापसाची गाठ दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा जोड). प्रेस हाऊसपासून गोदाम १४० मीटर. पहिले ६० मीटर काँक्रीट, पुढे मुरूम, आणि गोदामाच्या दाराशी ६ मीटर लांबीत ६० सेंटिमीटर उंचीचा चढ. मधून वजनकाट्याचा रस्ता आडवा जातो. हंगामात त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या, मेटॅडोर, बैलगाड्या. थप्पी लावण्याबद्दल विचारत नाही, फक्त गाडी चालत असतानाचं सांगा. फोर्क किती उंच, वेग किती, चढावर तोंड कुठं, गाठी समोर असल्यावर दिसणार कसं?

मास्ट_आणि_साखळी
आधी एक गोष्ट ऑपरेटरांच्या डोक्यात बसली पाहिजे, बाकीचे नियम तिच्यातून निघतात. फोर्कलिफ्ट चार चाकांची दिसते, पण उभी असते तीन टेकूंवर. समोरची दोन चाकं हे दोन टेकू. मागचा अ‍ॅक्सल मधोमध एका पिनवर डोलतो, म्हणून मागची दोन चाकं मिळून एकच टेकू होतो. हे तीन बिंदू जोडले की त्रिकोण तयार होतो: समोर रुंद, मागे निमुळता. गाडी आणि माल यांचा मिळून गुरुत्वमध्य या त्रिकोणाच्या आत आहे तोवर गाडी उभी. समोरची रेघ ओलांडली की मागची चाकं उचलतात, बाजूची ओलांडली की गाडी आडवी.

आता भरलेल्या आणि रिकाम्या गाडीतला फरक बघा. माल घेतला की गुरुत्वमध्य पुढे, त्रिकोणाच्या रुंद भागात सरकतो. पुढे झुकण्याची भीती वाढते, पण आडवं होण्याची कमी होते. रिकाम्या गाडीत तो काउंटरवेटकडे (मालाला तोल देणाऱ्या मागच्या जड ठोकळ्याकडे), निमुळत्या भागात असतो. तिथून बाजूची रेघ अगदी जवळ. म्हणून रिकामी गाडी वेगात वळवली तर ती भरलेल्या गाडीपेक्षा लवकर आडवी होते, मास्ट (फोर्क वर-खाली नेणारा समोरचा उभा सांगाडा) वर असेल तर आणखी लवकर. भरलेली फेरी सगळे जपून नेतात आणि परत येताना मोकळे सुटतात. तुमच्या फलकावर रिकाम्या फेरीचा नियम वेगळा आणि ठळक लिहा.

वळणाचं गणित: ३ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ८ किलोमीटर वेग असेल तर बाहेरच्या बाजूला बसणारा रेटा गाडीच्या वजनाच्या साधारण १७ टक्के. ताशी १२ ला तोच ३८ टक्के. वेग दीडपट, रेटा सव्वादोनपट.

फोर्कची उंची: चालताना जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटर, मास्ट मागे टिल्ट, माल फोर्कच्या उभ्या पाठीला टेकलेला. दोन्ही फोर्क मालाच्या मध्यापासून सारख्या अंतरावर. ही उंची रिकाम्या फेरीलाही तीच. चालता चालता मास्ट वर घेणं पूर्ण बंद. थप्पीसमोर जाऊन थांबायचं, मग उचलायचं. माल काढल्यावर सरळ रेषेत हळूच मागे यायचं, मास्ट खाली घ्यायचा आणि मगच वळायचं.

आणखी एक. ३ टनी म्हणजे कसाही धरलेला ३ टन माल नव्हे. तो आकडा बहुतेक ३ टनी गाड्यांना ५०० मिलिमीटर लोड सेंटरसाठी असतो, म्हणजे मालाचा मध्य फोर्कच्या पाठीपासून अर्धा मीटर. समोरचा अ‍ॅक्सल ते फोर्कची पाठ हे अंतर ४८ सेंटिमीटर धरा. ४८ अधिक ५० म्हणजे ९८, म्हणून ३००० गुणिले ९८. मालाचा मध्य ७० सेंटिमीटरवर गेला तर भागायचं ११८ ने: २,४९० किलो. २० सेंटिमीटरमध्ये अर्धा टन गेला. क्लॅम्प लावला की त्याचं स्वतःचं वजन आणि पुढे सरकलेला माल असं दोन्ही बाजूंनी कमी होतं. क्लॅम्पसह क्षमतेची वेगळी पाटी गाडीवर हवी, ती कंपनीकडून किंवा डीलरकडून घ्या. वरचा हिशोब समजण्यापुरता, उचलायचं ते पाटी बघून.

वऱ्हाडी_मिस्त्री
गणित बराबर हाये भाऊ, पण थे काँक्रीटवरचं. मुरमावर आणखी पाहा. खाली काळी माती असन तर पावसानंतर मुरूम जागोजागी बसते, अन् चाकाच्या वाटेवरच बसते. समोरच्या दोन चाकांत अंतर साधारण एक मीटर. एक चाक ५ सेंटिमीटर खाली गेलं तर ३ मीटर उंचीवरचा माल १५ सेंटिमीटर बाजूला जाते. तोच माल २० सेंटिमीटरवर असन तर एकच सेंटिमीटर. काहून खाली ठेवा म्हणतात थे याच्यात आलं.

टायरचंही तसंच हाये. समोरच्या एका टायरात हवा कमी असन तर मास्ट रोजच एका बाजूनं झुकलेला. पाळी सुरू व्हायच्या आधी, गाडी थंडी असतानाच हवा पाह्यजे. दुपारी ४५ डिग्रीत टायर तापलेलं असते, तवा गेज जास्त दाखवते, मंग लोक हवा सोडतात अन् सकाळी टायर बसलेलं. गरम टायरची हवा सोडू नोका.

रुईचे तंतू अ‍ॅक्सलले, चाकाच्या आतल्या बाजूले गुंडाळतात. तेलाच्या सीलवर चढले का सील कापते, तेल ब्रेकच्या लायनिंगवर, ब्रेक एका बाजूनं ओढते. हंगामात रोज काढा, इंजिन बंद करून, चाकाले उट्या (चाक सरकू नये म्हणून लावायचे अडसर) लावून.

काटेवाडीकर
वेगाचा आकडा लिहून काय उपयोग? बऱ्याच गाड्यांत वेग दाखवणारं मीटरच नसतं.

मास्ट_आणि_साखळी
म्हणून वेळेत लिहायचं. काँक्रीटवर ताशी ८ धरला तर ६० मीटरला २७ सेकंद लागतात. सुरुवातीला आणि शेवटी एकेक पिवळा पट्टा मारा. २७ सेकंदांच्या आत पार झाली तर गाडी जोरात आहे. मुरमावर ताशी ५ च्या वर नको, तिथल्या ८० मीटरला जवळपास एक मिनिट. माणसांच्या जवळून जाताना चालणाऱ्या माणसाच्या चालीनं. गाडीला स्पीड लिमिटर बसवता येत असेल तर बसवून घ्या, वाद मिटतो.

थांबायला किती जागा लागते तेही सांगा. माल सांडणार नाही असा ब्रेक मारला आणि दिसल्यापासून पाय पडेपर्यंत एक सेकंद धरला, तर ताशी १० ला पावणेपाच मीटर. ताशी १८ ला सव्वाअकरा मीटर. जोरात ब्रेक मारून हे अंतर कमी होईल असं ऑपरेटरला वाटतं, पण तेव्हा गाडी थांबते आणि फोर्कवरचा माल पुढे निघतो. गाडीचं वजन सव्वाचार टनांच्या वर असतं, भरल्यावर सात. दुसरी गाडी पुढे असेल तर तीन गाड्यांची लांबी मोकळी ठेवा.

धुऱ्यावरचा
चढाबद्दल एक शंका. उतरताना मास्ट पूर्ण मागे टिल्ट केला, तर माल घेऊन समोरून उतरलं तरी चालते ना? ऑपरेटरले समोर पाहता येते, मान वळवा लागत नाही.

मास्ट_आणि_साखळी
नाही भाऊ, अजिबात नाही. ६ मीटरला ६० सेंटिमीटर म्हणजे १० टक्के चढ, जवळपास ६ अंश. मास्ट मागे झुकतो १० ते १२ अंश. कागदावर ५-६ अंश शिल्लक दिसतात. पण उतारावर ब्रेक मारला की त्याचा परिणाम आणखी ११ अंश पुढे कलल्यासारखा होतो. ६ आणि ११ मिळून १७, टिल्ट १२. शिल्लक संपली. फोर्कवर माल असेल तर तो सरकू शकतो. क्लॅम्पमध्ये घट्ट धरलेल्या गाठी सरकत नाहीत, मग मागची चाकं हलकी होतात. आणि या गाडीचं स्टिअरिंग मागच्या चाकांना असतं! मागची चाकं हलकी झाली म्हणजे उतारावर गाडी वळवताच येत नाही.

लक्षात ठेवायला सोपं: जड बाजू नेहमी चढाकडे. माल असेल तर माल चढाकडे, म्हणजे चढताना समोरून आणि उतरताना रिव्हर्समध्ये. रिकामी असेल तर काउंटरवेट चढाकडे, म्हणजे चढताना रिव्हर्समध्ये आणि उतरताना समोरून. उतारावर न्यूट्रल नाही, वळणं नाही, तिरकं जाणं नाही. चढाच्या आधी एक गाडीभर लांबी सरळ करून घ्यायची. चढाच्या दोन्ही कडांना काँक्रीटचा कठडा हवा, चाक कडेवरून जाऊ नये म्हणून.

आता चढाच्या पायथ्याशी नेमकं काय होतं ते बघा. समोरचं चाक पायथ्याला टेकलं तेव्हा फोर्कचं टोक अ‍ॅक्सलच्या दीड मीटर पुढे असतं. दीड मीटर पुढे चढ १५ सेंटिमीटर वर आलेला. म्हणजे फोर्क सपाट आणि १५ सेंटिमीटरवर असतील तर टोक काँक्रीटमध्ये घुसणार. ६ अंश मागे टिल्ट केल्यावर टोक साधारण ११ सेंटिमीटर वर येतं आणि सुटतं. म्हणून पायथ्याशी थांबायचं, टिल्ट बघायचा, फोर्क २०-२५ पर्यंत घ्यायचे, मग चढायचं. वर सपाटीवर आल्यावर पुन्हा खाली.

सेफ्टीताई
फोर्क घासण्याचा मुद्दा जिनिंगमध्ये फार मोठा आहे, तो उताराच्या ओळीत हरवू देऊ नका. इतर कारखान्यात फोर्क घासला तर फरशी खराब होते. इथे फोर्कची टाच काँक्रीटवर घासली की ठिणगी उडते आणि खाली रुईचे तंतू पसरलेले असतात. ‘जितका खाली तितका चांगला’ हे इथे चालणार नाही. काँक्रीटवर १५, मुरमावर २० आणि त्याच्या खाली नाही. रिकाम्या फेरीत फोर्क ओढत आणणं तर कडक बंद.

सायलेन्सरला स्पार्क अरेस्टर (धुरातली ठिणगी अडवणारी जाळी) हवा आणि तो साफ हवा. कापसाच्या गंजीजवळ गाडी चालू ठेवून उतरायचं नाही. रेडिएटरच्या जाळीवर तंतूंचा थर बसला की पाणी तापतं, उन्हाळ्यात तर लवकरच. एअर लाईननं आतून बाहेर फुंकायचं, इंजिन बंद आणि थंड झाल्यावर. गाडीवर अग्निशामक हवा आणि ऑपरेटरला तो वापरता यायला हवा.

जळकट वास येणारी किंवा हाताला गरम लागणारी गाठ गोदामाकडे नेऊ नका. गाठ आतून कित्येक दिवस धुमसू शकते. ती एकटी, मोकळ्या जागेत, इतर गाठींपासून दूर ठेवायची आणि पट्ट्या तोडायच्या नाहीत; हवा लागली की भडकते.

गोदामपाल
दिसण्याच्या प्रश्नावर. एक गाठ साधारण १७० किलोची. क्लॅम्पमध्ये एकावर एक दोन थर घेतले की ऑपरेटरच्या डोळ्यासमोर भिंत. वजन क्षमतेच्या आत असतं, म्हणून कुणाला वावगं वाटत नाही. नियम असा ठेवा: बसल्या जागेवरून गाडीपुढची ५ मीटरवरची जमीन दिसत नसेल तर रिव्हर्समध्ये चालवा, किंवा एक थर कमी घ्या. मालाच्या बाजूनं डोकं बाहेर काढून बघत चालवणं नको, मास्ट आणि खांब यांच्यात डोकं सापडतं. रिव्हर्समध्ये जाताना आधी मागे वळून पाहा, मग गाडी हलवा. आरशावर विसंबू नका.

चढावर मात्र माल घेऊन समोरूनच चढायचंय, तिथे रिव्हर्स चालत नाही. म्हणजे चढाच्या फेरीला एक थर कमी किंवा पुढे इशारा देणारा माणूस. तो माणूस चढावर नाही, वरच्या सपाटीवर बाजूला उभा राहील, ऑपरेटरला दिसेल असा. दिसेनासा झाला की गाडी थांबवायची. आरडाओरडा करून इशारे देऊ नका. डबल रोलर जिन (रुई आणि सरकी वेगळी करणारं यंत्र) चालू असताना काही ऐकू येत नाही, आणि उन्हाळ्यात हमालांच्या डोक्या-कानाला गमछा गुंडाळलेला असतो. हाच मुद्दा हॉर्नलाही लागू. हॉर्न वाजवला म्हणजे समोरच्यानं ऐकला असं धरायचं नाही. त्यानं मान वळवून पाहिलं की पुढे जायचं.

आपल्याकडची खास गोष्ट, उन्हातून गोदामात शिरणं. एप्रिलच्या दुपारी बाहेर डोळे दिपलेले आणि आत अंधार. पहिले काही सेकंद ऑपरेटरला आतला माणूस दिसतच नाही. दाराबाहेर सपाटीवर पूर्ण थांबा, हॉर्न, डोळे स्थिरावू द्या, मग आत. दाराच्या आतल्या बाजूला दिवसाही दिवे चालू ठेवा. तुमच्या चढाच्या वर दारासमोर गाडी उभी राहील एवढी सपाटी आहे का ते तपासा. नसेल तर थांबायचं कुठं? उतारावर थांबावं लागेल, ते चुकीचं. बांधकामातच बदल करा.

प्रेसहाऊस
सपाटी दीड मीटरच आहे. म्हणजे गाडीची मागची चाकं उतारावर राहतात. हे कुणी पाहिलंच नव्हतं.

गोदामपाल
मग किमान ४ मीटर करून घ्या, आणि चढ लांबवता आला तर त्याच खर्चात लांबवा. ६० सेंटिमीटर उंचीला १० मीटर लांबी मिळाली तर चढ ६ टक्क्यांवर येईल. ते होईपर्यंत माल चढाच्या खाली उतरवून हातगाडीनं आत न्या.

वजनकाट्याच्या रस्त्याचं: तो ओलांडायला एकच जागा ठरवा, दोन्ही बाजूंना थांबण्याचा पट्टा. तिथे फोर्कलिफ्ट थांबेल, ट्रॉल्या नाही. भरलेल्या ट्रॉलीला आणि बैलांना अचानक थांबवता येत नाही. बैलांजवळ हॉर्न नको, बुजतात. माणसांची वाट मीटरभर रुंद, वेगळी. मुरमावर रंग टिकत नाही, ड्रम ठेवून मध्ये दोर बांधा.

धुऱ्यावरचा
सीट बेल्टचं सांगा. उन्हाळ्यात कोणीच लावत नाही, पाठीमागून अडकवून त्याच्यावर बसतात. म्हणतात गाडी पलटली तर उडी मारता आली पाह्यजे.

सेफ्टीताई
तेच जीवघेणं आहे. गाडी आडवी व्हायला लागली की ऑपरेटर उडी मारतो ती ज्या बाजूला गाडी पडतेय त्याच बाजूला, कारण शरीर तिकडेच फेकलं जातं. आणि वरची लोखंडी जाळी नेमकी त्याच्यावर येते. बसून चालवायच्या गाडीत कृती अशी: उडी नाही. स्टिअरिंग घट्ट धरा, पाय फळीवर रोवा, गाडी पडतेय त्याच्या उलट बाजूला आणि पुढे झुका. हे बेल्ट लावला असेल तरच जमतं. महिन्यातून एकदा उभ्या गाडीत बसवून प्रत्येकाकडून करून घ्या, तोंडी सांगून हात-पाय शिकत नाहीत. उन्हासाठी जाळीवर, वरचं दिसणं अडणार नाही अशी पारदर्शक शेड कंपनीकडून मिळते. ताडपत्री किंवा पत्रा टाकू नका, थप्पीचा वरचा भाग दिसत नाही.

फोर्कवर, काउंटरवेटवर किंवा पायरीवर कुणालाही बसवायचं नाही.

काटेवाडीकर
गोदामातला माल गेटबाहेर रस्त्यापलीकडच्या शेडमध्ये नेला तर चालतं का?

गोदामपाल
केंद्रीय मोटार वाहन नियमांत फोर्कलिफ्ट बांधकाम यंत्र-वाहनांच्या व्याख्येत येते. सार्वजनिक रस्त्यावर आणायची तर नोंदणी, विमा, परवाना हे प्रश्न उभे राहतात, आरटीओकडे विचारूनच. शिवाय डांबरी रस्त्यावर इतर गाड्यांच्या वेगात ही गाडी कुणालाच अंदाजात येत नाही. ट्रॉलीत भरून न्या.

वऱ्हाडी_मिस्त्री
ट्रक भरताना दोन गोष्टी. ट्रकची किल्ली ऑपरेटरच्या हाती अन् मागच्या चाकाले दोन्हीकडून उट्या, मंगच फोर्कलिफ्ट जवळ जाईन. अन् ट्रकच्या पलीकडच्या बाजूले कोणी उभं नाही पाह्यजे. इकडून गाठ ढकलली का तिकडची गाठ खाली पडते, १७० किलोची. ड्रायव्हर तिथंच सावलीत बसलेला असते. त्याच्यासाठी बसायची सावली दुसरीकडं करून द्या.

प्रेसहाऊस
सगळ्यांचे आभार, बहुतेक उत्तरं मिळाली. एकच राहिलं. मुरमावर रिकामी गाडी मागून उड्या मारते, हलते. पाळीचे लोक म्हणतात काउंटरवेटवर अजून एक लोखंडी ठोकळा बसवू, गाडी दबून चालेल, आणि मालही जास्त उचलता येईल.

मास्ट_आणि_साखळी
बसवू नका. मागे वजन वाढवलं की रिकाम्या गाडीचा गुरुत्वमध्य आणखी मागे, त्रिकोणाच्या अजून निमुळत्या भागात जातो. उड्या कमी वाटतील, पण वळणावर आडवी होणं सोपं होईल. मागचा अ‍ॅक्सल, त्याची पिन, टायर आणि ब्रेक हे सगळं कंपनीनं ठरलेल्या वजनासाठी बनवलेलं असतं. आणि ‘जास्त उचलता येईल’ हे सगळ्यात वाईट: मागची चाकं उचलणं ही ऑपरेटरला मिळणारी सूचना असते, ती ठोकळ्यानं बंद होते आणि भार मास्टवर, साखळीवर, फोर्कच्या टाचेवर जातो.

हवेच्या टायरची गाडी उड्या मारते तेव्हा मागच्या टायरात हवा जास्त आहे का ते आधी बघा, पाटीवरच्या आकड्याशी जुळवा. मग मागच्या अ‍ॅक्सलच्या पिनचे बुश. गाडीचा मागचा भाग काउंटरवेटखाली टेकू देऊन उचला, पहार घालून अ‍ॅक्सल वर-खाली हलवा. खटखट वाजत असेल तर बुश गेलेले, बदला. हे दोन्ही ठीक असेल तर दोष मुरमाचा. चाकाची वाट खरवडून पाणी मारा आणि पुन्हा रोलर फिरवा, नुसती भर टाकून सोडली तर पंधरवड्यात तीच नाळी पडते.

वऱ्हाडी_मिस्त्री
अन् रोलर फिरवताना ३ मीटर रुंद तरी दाबा. चाकापुरतीच पट्टी दाबली का कडा ढिल्या राहतात, रिकामी गाडी वळताना मागचा भाग बाहेर फिरते अन् मागचं चाक नेमकं त्या ढिल्या कडेवर जाते.